लिहिणाऱ्याने दुरुस्त करावे

जळगाव
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

शेहजादभाई,

माफी मागायला हे पत्र लिहीत नाही. पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे फाडायचंच असेल तर पुढचं वाचायचा त्रास नको.

तुमच्या फोनवर माझा नंबर साडेतीन वर्षं ब्लॉक आहे. पोस्टमनला कुणी ब्लॉक करत नाही, म्हणून पत्र. पत्ता तुमच्या अब्बांच्या दुकानाचा घातलाय : नूर महंमद गादी भांडार, देवपूर, धुळे. तुम्ही तिथे कापूस पिंजता, असं बॉयलरवरच्या हिलालआप्पांनी सांगितलं. कंपनीतला सगळ्यात कडक क्वालिटी ऑफिसर आता गाद्या भरतो. त्या गाद्यांचे टाके तुम्ही मोजूनच घालत असाल, याबद्दल मला शंका नाही.

कामाचं लिहिते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सविस्तर लिहिते. कागद उद्या तिसऱ्याने वाचला तरी त्याला कळला पाहिजे, ही सवय तुमचीच.

शनिवारी सकाळच्या लोडला ऑटोक्लेव्हचं तापमान पडलं. सलाइनच्या भरलेल्या बाटल्या त्या भांड्यात वाफेवर १२१ अंशांत वीस मिनिटं राहायला हव्यात, आणि तीही सलग. बाराव्या मिनिटाला बॉयलरची वाफ कमी पडली. चार्टवरचं पेन ११७ वर उतरलं, चार मिनिटं तिथेच रेंगाळलं, मग वर चढलं. उरलेली मिनिटं भरून मशीनने शिट्टी दिली, जणू काही झालंच नाही. पण तापमान पडलं की मोजणी शून्यापासून, आणि आपली प्लास्टिकची बाटली पुन्हा शिजवायला परवानगी नाही. म्हणजे लोड नष्ट करायचा. आठ हजार दोनशे बाटल्या.

दुपारी प्लांट हेड भूषण सरांनी ऑटोक्लेव्ह रिकामा चालवला. रिकाम्या भांड्यात वाफ फार शहाण्यासारखी वागते. एकशे एकवीसवर सरळ रेघ आली. त्या चार्टवर सकाळच्या लोडचा नंबर टाकून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"करणाऱ्याची सही कर, दीपमाला."

"सर, हा चार्ट माझ्या लोडचा नाही."

"चार्टला काय आडनाव असतं का?"

मी सही केली नाही. पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. बस, एवढंच केलं.

आता चौदा दिवस आहेत. तपासणीला वीस बाटल्या गेल्यात. त्यात काही वाढतं का हे बघायला चौदा दिवस लागतात, ते थांबणं कुणाला टाळता येत नाही. सतराला निकाल, अठराला माल गाडीत. माझी सही नसेल तर दुसऱ्या कुणाची घेतील.

मला तुमच्याकडून एक कागद हवाय. मार्च २०२२ मध्ये याच ऑटोक्लेव्हबद्दल तुम्ही भूषण सरांना लेखी नोट दिली होती. त्यानंतर मूळ चार्ट गायब झाला आणि तो तुम्हीच फाडलात, असं ठरवून तुम्हाला काढलं. त्या नोटची प्रत तुमच्याकडे असणार. तुम्ही प्रत न ठेवता कुणाला शुभेच्छासुद्धा दिल्या नसतील. ती मिळाली, तर हे दुसऱ्यांदा घडतंय असं मला दाखवता येईल.

जुन्या गोष्टीबद्दल माझं म्हणणं तेच आहे. १४ मार्चला मी पॅकिंग हॉलमध्ये होते. मूळ चार्ट कुठे गेला, मला माहीत नाही. चौकशीतही मी हेच सांगितलं होतं.

प्रत पाठवा. राग ठेवून पाठवली तरी चालेल.

दीपमाला बैसाणे
प्रॉडक्शन इंजिनिअर

&nbsp;

जळगाव
रविवार, ९ नोव्हेंबर

शेहजादभाई,

काल तुमचं पाकीट आलं. आईने सही करून घेतलं आणि म्हणाली, "धुळ्याचं आहे, जाड आहे." मला वाटलं, नोटची प्रत.

आत माझंच पत्र होतं. त्यावर पिवळी चिठ्ठी, तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात : "पान २, १४ मार्चबद्दलची वाक्ये. लिहिणाऱ्याने दुरुस्त करावे." खाली सही, तारीख. "कशी आहेस" नाही, "मर" नाही.

मी चिठ्ठी चुरगळली. मग उलगडून सपाट केली, कारण कागद चुरगळायचा नाही हेही तुम्हीच शिकवलेलं. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मी बॅच रेकॉर्डमध्ये एक आकडा गिरवून गिरवून बदलला होता. तुम्ही रेकॉर्ड परत पाठवलं. मी तावातावाने तुमच्या टेबलाशी आले, "एवढंसं होतं, तुम्हीच करून टाकायचं!"

"इंजिनिअरबाई, दुसऱ्याने लिहिलेलं मी खोडत नाही. मी फक्त परत पाठवतो. ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं. एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते, सही, आजची तारीख."

"आणि परत चुकलं तर?"

"परत पाठवेन. मला काय, पगार त्याचाच आहे."

आता तर तुम्हाला त्याचा पगारही नाही.

ठीक आहे. दुरुस्ती. त्या दिवशी मी पॅकिंग हॉलमध्ये नव्हते, ऑटोक्लेव्हपाशी होते. पण मी ट्रॉलीवरच्या बाटल्या मोजत होते. चार्ट कुणी काढला ते मी पाहिलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत कारण तुम्हाला माहीतच आहे. तेव्हाही रिकामं भांडं चालवलं होतं. त्या चार्टवर करणाऱ्याची सही माझी आहे. तपासणाऱ्याची तुमची व्हायची होती, तुम्ही केली नाहीत.

या आठवड्यात भूषण सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं नाही, उलट उघडं ठेवलं. बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून.

"मागच्या वेळी तर एका झटक्यात केलीस. आता काय बोटाला मेंदी लागलीय?"

"मागच्या वेळी चुकले, सर."

"मग ती चूक काढायची का बाहेर? कपाटात आहे रेकॉर्ड. सही कुणाची? माझी नाही. मी कशावरच सही करत नाही, माहितीय ना?"

माहिती आहे. साडेतीन वर्षं मी कशाच्या भीतीने गप्प बसले, ते त्यांनी एका वाक्यात मांडून दाखवलं. मी त्यांच्याबद्दल तोंड उघडलं की ते माझं पान उघडणार. माझं पान म्हणजे काय, ते तुम्ही पाहिलंय. ऑफिसच्या भिंतीवर परवान्याच्या फ्रेमशेजारी मान्यताप्राप्त तांत्रिक व्यक्तींची यादी टांगलेली असते. तिसरं नाव माझं. ते नाव लागलं तेव्हा आईने मुद्दाम कंपनीत येऊन त्याच्या खाली उभं राहून फोटो काढून घेतला होता. बैसाण्यांच्या घरातलं नाव पहिल्यांदाच सरकारी कागदावर लाभार्थी म्हणून नाही, जबाबदार म्हणून लागलं होतं.

आई तीस वर्षं नर्स होती. परवा तिला सगळं सांगितलं. जुनं नाही, फक्त आत्ताचं. ती म्हणाली, "बाटली टांगायच्या आधी आम्ही काय बघायचो? लेबल, तारीख, आत कचरा तरंगतोय का. बाकी सगळं तुमच्यासारख्यांच्या भरवशावर." मग भाजी निवडायला लागली. मी समोर बसून राहिले.

पण मला परीक्षेला बसवू नका, शेहजादभाई. तुमची नोकरी गेली तेव्हा तुम्हाला दुकान होतं. मला दुकान नाही. नोटची प्रत पाठवा.

दीपमाला बैसाणे
प्रॉडक्शन इंजिनिअर

&nbsp;

जळगाव
गुरुवार, १३ नोव्हेंबर

शेहजादभाई,

काल माझी सुट्टी होती. एसटीने धुळ्याला आले, पांझरेचा पूल रिक्षाने ओलांडला आणि तुमच्या दुकानासमोर उतरले. तुम्ही पाहिलंत. पाहिलं नाही असं म्हणू नका, मीही तशीच चिठ्ठी लावून परत पाठवीन.

पिंजण्याचं मशीन चालू होतं. तुमच्या भुवयांवर कापूस होता. तुम्ही वळला नाहीत. अरिबाभाभी बाहेर आल्या, स्टूल पुसून दिलं, पाणी आणलं.

"घ्या. आमच्याकडे आलेल्याला पाणी देतात, सही मागत नाहीत."

मी पाणी प्यायले. दुसरं काय करणार?

"ते येणार नाहीत बाहेर. हात भरलेत." मग म्हणाल्या, "तुम्हाला माहितीय, कंपनीने काढलं तेव्हा पत्रात काय लिहिलं होतं? कागद नष्ट केल्याबद्दल. ह्यांनी! लग्नाच्या याद्यासुद्धा फाइल केल्यात ह्यांनी. वीज बिलं पंधरा वर्षांची. तीन कंपन्यांनी ते पत्र बघून परत पाठवलं. चौथीकडे गेलेच नाहीत."

"भाभी, मी..."

"मला नका सांगू. मी लिहिणाऱ्यातली नाही, वाचणाऱ्यातलीही नाही. हे तुमच्यासाठी ठेवलंय."

माझं दुसरं पत्र. त्यावर पिवळी चिठ्ठी : "चार्ट पाहिला नाही, हे वाक्य. लिहिणाऱ्याने दुरुस्त करावे." सही, तारीख.

मी निघाले तेव्हा मागे मशीन बंद झालं. मी वळून पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलं नसेल. फिट्टंफाट.

परतीच्या एसटीत चिठ्ठी मांडीवर होती. पारोळ्यापर्यंत मी तुमच्यावर चिडले होते. पुढे चिडायला काही उरलं नाही.

तर दुरुस्ती. दुसरी आणि शेवटची.

१४ मार्च २०२२ ला दुपारी सव्वातीनला मी ऑटोक्लेव्हसमोर उभी होते. मी बाटल्या मोजत नव्हते. भूषण सरांनी रेकॉर्डरचं झाकण उघडलं, मूळ चार्ट काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात घातली. घडी करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वेळी तुम्ही लॅबमध्ये होता, आत आलात तेव्हा रेकॉर्डर रिकामा होता. चौकशीत मला विचारलं गेलं, "शेहजाद तिथे एकटा होता का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, मी पॅकिंगला होते." तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसला होता. तुम्ही फक्त माझ्या समोरचा जबाब उलटा, तुमच्या बाजूने, वाचत होता.

आठ दिवसांनी माझं नाव भिंतीवर लागलं. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

तो माल बाहेर गेला. त्याने कुणाला काही झालं का, माहीत नाही. कुणी तक्रार केली नाही, आणि सलाइनची बाटली कुणी जपून ठेवत नाही. आपल्या धंद्यात चूक अशीच पचते.

आता माझं ऐका. हे तुम्ही चिठ्ठ्या लावल्यात म्हणून नाही लिहिलं. खरं म्हणजे, थोडं त्यामुळेही. पण जास्त हिलालआप्पांमुळे.

मंगळवारी भूषण सर बॉयलरवर गेले होते. आप्पांच्या वहीत एक तारखेला अकरा वाजून बारा मिनिटांनी वाफेचा दाब पडल्याची नोंद आहे. सर म्हणाले, नवी वही देतो, महिनाभराचं उतरवून काढ, जुनी भिजलीय असं म्हणू. आप्पांनी विडी विझवली. सातवी पास माणूस, निवृत्तीला एक वर्ष.

"साहेब, मी जे दखं ते लिखं. आते तुम्ही सांगं म्हणीसन वाफ मांगे जाई का?"

"हिलाल, तुला कळत नाही, वरपर्यंत जाईल."

"जाऊ द्या. वाफ वरच जास."

सगळे हसले. सरही हसले, त्यांना हसावं लागलं. मी जिन्यावर उभी होते. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, भिंतीवर नाव आहे, आणि मी जिन्यावर उभी होते.

भूषण सरांच्या हातात माझ्याविरुद्ध एकच पान आहे. ते पान मी स्वतःच उघडलं, तर त्यांच्या हातात काय राहतं? माझी नोकरी राहते, ती घेतील. नाव उतरवतील. घ्या म्हणावं. उद्या सकाळी मी औषध निरीक्षकांच्या ऑफिसात जातेय. तीन पानं लिहून झालीत. पहिलं पान २०२२ चं आहे.

त्या मार्चच्या मालाची मुदत तीन वर्षांची होती. त्यानंतर एक वर्ष रेकॉर्ड ठेवायचं, म्हणजे येत्या मार्चपर्यंत. चार महिने थांबले असते तर ते पान नियमाप्रमाणे जाळलं गेलं असतं आणि मी सुटले असते. हे मी हिशेब करून पाहिलं होतं. पहिलं पत्र लिहिताना हा हिशेब माझ्या डोक्यात होता. तोही तुमच्या नोंदीत असू द्या.

नोटची प्रत आता नको. मला तुमच्या कागदाच्या आडून बोलायचं नाही.

दीपमाला बैसाणे
प्रॉडक्शन इंजिनिअर (उद्यापर्यंत तरी)

&nbsp;

जळगाव
बुधवार, १९ नोव्हेंबर

शेहजादभाई,

आधी निकाल. वीसच्या वीस बाटल्या स्वच्छ निघाल्या.

हो, पास. सोमवारी सकाळी भूषण सरांनी रिपोर्ट पंख्यासारखा हलवत माझ्या टेबलाभोवती फेरी मारली. "बघ! पास! कुठे गेले तुझे जंतू? दोन आठवडे फुकट नाटक!"

मी म्हटलं, "सर, वीस बाटल्या पास झाल्या. आठ हजार एकशे ऐंशी अजून कुणी उघडलेल्या नाहीत."

"त्या उघडून बघणार आहेस?"

"नाही. म्हणून तर तो चार्ट लागतो."

त्यांनी उत्तर द्यायच्या आधी गेटवरून फोन आला. निरीक्षक मॅडम आल्या होत्या.

शुक्रवारी त्यांच्या ऑफिसात मी तीन पानं ठेवली तेव्हा त्यांनी आधी दुसरं आणि तिसरं वाचलं, मग पहिलं. चष्मा काढून म्हणाल्या, "पहिलं दिलं नसतंत तरी मी आले असते. हे कशाला दिलंत? यात तुम्ही स्वतःलाच अडकवताय."

"पहिलं खोटं राहिलं तर दुसऱ्यावर तुम्ही विश्वास का ठेवाल?"

त्यांनी प्रत्येक पानाच्या खाली माझी सही घेतली.

सोमवारी त्यांनी गोदामातला तो लोड सील केला. २०२२ चं रेकॉर्ड काढायला लावलं. मी त्यांना विचारलं, त्या पानावर एक रेघ मारून दुरुस्ती करू का. त्या जवळजवळ ओरडल्या, "हात लावू नका! जसं आहे तसं जप्त होईल. खोटं आहे तसंच खोटं राहू द्या, तोच पुरावा आहे." तर ते पान मला दुरुस्त करता आलं नाही. हिलालआप्पांची वहीही नेली. आप्पांनी पावती मागून घेतली आणि दोनदा वाचून घडी करून टोपीत ठेवली.

भूषण सर मॅडमना सांगत होते, "मॅडम, माझी कुठेच सही नाही, बघा." त्या म्हणाल्या, "तेच बघतेय. चार वर्षांत प्लांट हेडची एकही सही नाही. इतका कमी लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय." त्यांचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. कदाचित काही होणार नाही. माल मात्र गेला नाही. अठरा तारखेला गाडी आली आणि रिकामी परत गेली, हे मी गेटबाहेर उभी राहून डोळ्यांनी पाहिलं.

गेटबाहेर, कारण तोवर मला निलंबित केलं होतं. पत्रात कारण दिलंय : सन २०२२ मध्ये उत्पादन नोंदीत खोटी सही केल्याबद्दल. कंपनीने माझ्याबद्दल लिहिलेला हा पहिला पूर्ण खरा कागद. मी "मिळाले, मान्य" असं लिहून सही करून दिली. एचआरचा पंडित गोंधळला, म्हणाला, "मॅडम, लोक इथे 'अमान्य' लिहितात." मी म्हटलं, "ते लोक वेगळे."

भिंतीवरचं नाव उतरवलंय. फ्रेम तीच ठेवून आतला कागद बदलला. आईला सगळं सांगितलं, जुनंही. ती उठली. मग आत गेली, फोटो आणला, तो तिचा त्या यादीखालचा. मला वाटलं, कपाटात टाकेल. तिने तो टीव्हीवर ठेवला, जिथे आधी होता तिथेच. म्हणाली, "काढलाय तेव्हा नाव होतं. खोटा फोटो नाहीये."

मग म्हणाली, "त्या मुलाच्या घरी जाऊन आलीस का?" मी म्हटलं, आले. "पाणी दिलं?" म्हटलं, दिलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं, माझं नाही.

तुम्हाला निरीक्षकांच्या ऑफिसातून बोलावणं येईल. जबाबासाठी. मूळ चार्ट फाडल्याचा आरोप कुणावर आणि चार्ट कुणाच्या खिशात, हे आता सरकारी कागदावर आहे, माझ्या सहीने. तुम्ही गेलात तर तुमची नोट न्या. नाही गेलात तरी माझा जबाब तसाच राहील, तो तुमच्या येण्यावर टांगलेला नाही.

सोबत माझी पहिली दोन पत्रं परत पाठवतेय. सरकारी पानाला हात लावता आला नाही, पण ही पानं माझी आहेत. दोन्हींवरच्या तुमच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्यात. "१४ मार्चला मी पॅकिंग हॉलमध्ये होते" यावर एक रेघ मारलीय, खालचं स्पष्ट वाचता येतं. शेजारी लिहिलंय : "ऑटोक्लेव्हसमोर होते. चार्ट भूषण सरांनी खिशात घातला. मी पाहिलं." सही, आजची तारीख. दुसऱ्या पत्रात "पाहिलं नाही" यावर एक रेघ, शेजारी "पाहिलं."

आणखी एक दुरुस्ती केलीय, जिच्यावर तुम्ही चिठ्ठी लावली नव्हती. पहिल्या पत्राची पहिलीच ओळ. "माफी मागायला हे पत्र लिहीत नाही." तिच्यातल्या शेवटच्या शब्दावर रेघ मारलीय, शेजारी "आहे". सही, तारीख.

प्रत्येक दुरुस्तीखाली तपासणाऱ्याच्या सहीची चौकट आखलीय. पट्टीने आखलीय, हाताने नाही. चौकट रिकामी ठेवायची की भरायची, हे तुमच्याकडे. अजून काही चुकीचं सापडलं तर चिठ्ठी लावून परत पाठवा. माझा पत्ता तोच आहे, आणि सध्या दुरुस्तीला वेळच वेळ आहे.

दीपमाला बैसाणे